शर्यत रस्त्यावरून उठली, सराव मात्र तिथेच राहिला

२४ मे १९०३. पॅरिसहून माद्रिदला निघालेली मोटारशर्यत फ्रेंच सरकारने बोर्दो येथेच थांबवली. धुळीने झाकोळलेल्या रस्त्यांवर चालकांबरोबर बघेही बळी पडले होते. रेनो कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो याच शर्यतीत जखमी होऊन दगावला.

इंग्लंडात रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती. तेथे १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा बंदिस्त ट्रॅक उघडला. इटलीला शहाणपण यायला १९५७ उजाडले. मिल्ले मिल्या शर्यतीत ग्विदिझ्झोलो गावाजवळ एक फेरारी गर्दीत घुसली आणि नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच मुले होती.

हा इतिहास रत्नागिरी–कोल्हापूर वाटेवरच्या आंबा घाटात आठवावा. वळणांचा मोह खराच. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणे, गिअर उतरवताना एकाच पावलाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळणे ही अस्सल कौशल्ये आहेत. पण ‘घाटात हात बसतो’ हा समज खोटा. टायरची पकड कोठे संपते हे कळण्यासाठी ती एकदा तरी सुटू द्यावी लागते. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते आणि तेच वळण वीसदा घेता येते. घाटात एका अंगाला दरी, समोरून एस.टी., आणि पावसाळ्यात डांबरावर उतरलेली लाल माती. चालक मर्यादेच्या अलीकडे राहिला तर काही शिकत नाही. पलीकडे गेला तर किंमत समोरच्या गाडीतले मोजतात, ज्यांना शर्यतीची वर्दीही नसते.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगचाचणी हा गुन्हा आहे. मात्र नुसत्या दंडाने हौस मरत नाही, हे बैलगाडा शर्यतीने दाखवून दिले. २०१४ च्या बंदीनंतर राज्याने स्वतंत्र कायदा केला, १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टीच्या लांबीलाही मर्यादा आहे.

बैलाला आखीव धावपट्टी मिळाली, इंजिनाला नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. रत्नागिरीकराने तेथे जायचे तर (गंमत पाहा) तोच घाट चढून. वास्तविक आरंभाला ट्रॅकही लागत नाही. मोकळे सपाट मैदान, मांडलेले शंकू, एका वेळी एकच गाडी आणि ताशी ४० किलोमीटर एवढ्यात पकड सुटण्याचा पहिला धडा गिरवता येतो. बैलांसाठी अंतर मोजून देणाऱ्या प्रशासनाला महिन्यातला एक रविवार असे मैदान देणे जड नाही.