स्विफ्टची चप्पल

गेल्या डिसेंबरात जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात माझ्या पद्मिनीचे गुण कापले गेले. परीक्षक साठीचे, अंगात ब्लेझर, हातात क्लिपबोर्ड. गाडीभोवती फिरले, डॅशबोर्ड पाहिला, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हलवून पाहिला, मान डोलावली. मग वाकून टायरवरची अक्षरं वाचली आणि चेहरा असा केला, जणू पुरणपोळीत केस सापडला.

“अहो, ही तर स्विफ्टची चप्पल घातलीय राणीला.”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पण घरी येताना राग येत गेला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण त्या दिवशी त्यांच्या यादीत पहिल्या आलेल्या गाडीला मी टायर हाताळून पाहिले होते. बाजूच्या रबरावर नखाएवढ्या भेगा. ती गाडी ट्रकवर चढून आली होती आणि ट्रकवर चढूनच गेली.

मला भांडायचंय ते या लोकांशी. आणि थोडं स्वतःशी, कारण चार वर्षांपूर्वीपर्यंत मी त्यांच्यातलाच होतो.

गाडी नानांची. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. नानांनी ती सेकंडहँड घेतली, आम्ही सगळे तीत वाढलो. २०१९मध्ये नाना गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मी ती ‘जशी होती तशी’ करायला घेतली. हे एक व्यसन आहे. हेडलाइटची रिंग, दाराची कडी, चाकावरची वाटी, सगळं ‘ओरिजिनल’ हवं. मग प्रश्न आला टायरचा. पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४. नायलॉनचा टायर, आत ट्यूब. आज कोपऱ्यावरच्या दुकानात हे माप सांगितलंत तर पोरगा तुमच्याकडे बघत राहतो.

खूप शोधल्यावर एका विक्रेत्याकडे पाच टायर मिळाले. “कोरे आहेत, एकदाही चढवलेले नाहीत, जुना स्टॉक.” खरंच कोरे होते. नक्षी पूर्ण, रबराची ती बारीक केसं तशीच. मी हरखलो. बाजूला तारखेचा शिक्का होता, तीन आकडी. मी तो वाचला नाही. वाचता येत नव्हता, हे जास्त खरं.

२०२२चा मे महिना. आई, मी आणि मागे माझा भाचा. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. मागून थप थप आवाज यायला लागला. आई म्हणाली, “अरे, काहीतरी वाजतंय.” मी तिला शहाणपण शिकवलं: नायलॉनचा टायर एका जागी उभा राहिला की खाली चपटा होतो, चालून गरम झाला की गोल होतो. हे खरंच आहे. नायलॉनच्या दोऱ्यांचा तो स्वभावच. पण तो आवाज पहिल्या दोन किलोमीटरांत जायला हवा होता. आम्ही तासभर चाललो होतो आणि तो वाढत होता.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागच्या टायरची वरची साल सुटली. फुटला असं म्हणता येणार नाही, सोलला गेला. आधी मडगार्डवर चाबूक ओढल्यासारखा आवाज, मग शेपूट बाहेर. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नसतो, आणि मी तो दाबला. गाडी आडवी होऊन डोंगराकडच्या गटारात गेली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर हा लेख मी लिहीत नसतो. आईचं मनगट मोडलं. भाच्याला काही झालं नाही, पण पुढे दोन वर्षं तो त्या गाडीत बसला नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने तो शिक्का वाचून दाखवला. २००० सालापासून टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. त्याआधी तीनच आकडे असत, आणि वर्षाचा एकच. माझ्या टायरचा शेवटचा आकडा ९ होता. म्हणजे १९९९. किंवा १९८९. मी निवांत मनाने किमान बावीस वर्षांच्या रबरावर आईला बसवलं होतं, कारण ते ‘कोरं’ होतं.

हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर आत्ता खाली जाऊन आपल्या गाडीचा तो शिक्का वाचा. गाडी जुनीच असायला हवी असं नाही. बाइकचाही वाचा.

रबर वापरलं नाही म्हणून तरुण राहत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला आतून कडक करत असतात. भेगा पडू नयेत म्हणून कारखान्यात रबरात एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं ते मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते येत नाही. म्हणजे जी गाडी वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि प्रदर्शनाला, बाहेर निघते, तिचे टायर रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीपेक्षा वाईट म्हातारे होतात. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. टायर कंपन्या फार ताणलं तर दहा. आपल्याकडचा नियम मात्र नक्षीची खोली बघतो, चारचाकीला १.६ मिलिमीटर. २०२३मध्ये समृद्धी महामार्गावर टायर तपासायला सुरुवात झाली तेव्हाही बोलणं होतं ते गोटा झालेल्या टायरचं. माझा टायर त्या तपासणीत पैकीच्या पैकी गुण मिळवून पुढे गेला असता.

आता ‘ओरिजिनल’वाल्यांचा मुख्य मुद्दा. ते म्हणतात, गाडीचं सस्पेन्शन नायलॉनच्या टायरसाठी बनलंय, रेडियल घातलात की गाडीचा स्वभाव बदलतो. हे अर्धं खरं आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

नायलॉनच्या जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके, फुलीसारखे टाकलेले असतात. चाक फिरताना ते थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. वळणावर सगळा टायर एकसंध वाकतो, त्यामुळे जमिनीला टेकलेला भागही वाकतो, उचलला जातो. रेडियलमध्ये दोरे काठाकडून काठाकडे सरळ जातात आणि वर स्टीलचा पट्टा असतो. बाजू लवचीक, तळवा घट्ट. मिशेलिनने याचं पेटंट १९४६मध्ये घेतलं. म्हणजे पद्मिनीच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे, काल रात्री कुणी यूट्यूबवर शोधलेली नाही.

स्वभाव बदलतो का? हो. उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं जड लागतं. खडबडीत रस्त्यावर हळू वेगात धक्का जरा जास्त कळतो. नायलॉनचा टायर सुटायच्या आधी खूप वेळ कुरकुरतो, सूचना देतो. रेडियल जास्त वेळ धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा पटकन सुटतो. पण पावसात वरंध घाटात उतरताना मला जास्त वेळ धरून ठेवणारा टायर हवाय. कुरकुर ऐकायची हौस असेल तर रेडिओ आहे.

आणि ‘स्वभाव’ जपायचाच असेल तर नव्या रबराचा नायलॉनचा टायर आणा की. परदेशात जुन्या मापाचे टायर आजही नव्याने बनवणारे आहेत. पण जून २०२०मध्ये सरकारने टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे परवाना हवा. एका पद्मिनीच्या पाच टायरांसाठी कोण परवाना काढणार? मग ‘मूळ’ टायरच्या नावाखाली बाजारात फिरतो तो गोदामातला म्हातारा माल. परीक्षक त्यालाच गुण देतात, म्हणून त्यालाच किंमत येते. माझं भांडण इथे आहे. ही नुसती हौस राहत नाही, मेलेल्या रबराचा बाजार होतो.

समोरच्या तंबूतल्या मंडळींनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. तुमचं वेगळं आहे. तुम्ही पद्मिनीला अलॉय लावता, रुंद टायर घालता, गाडी खाली बसवता, संध्याकाळच्या उन्हात रील काढता. दिसते छान, नाही म्हणत नाही. पण जरा गणित करू. ५.२० म्हणजे इंच, साधारण १३२ मिलिमीटर रुंदी, आणि त्या काळी टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असे. चाकाचा पूर्ण व्यास एकसष्ट सेंटिमीटरच्या आसपास. तुम्ही घालता १८५/६० आर १४. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या साठ टक्के, १११. पूर्ण व्यास अठ्ठावन्नच्या आत. गाडी दीडेक सेंटिमीटर खाली आली, काटा ६० दाखवेल तेव्हा वेग ५७ असेल, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना खांदे भरून येतील. रुंद अलॉय बाहेर आला की बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ज्या जागी जोर यायला हवा तिथे तो येत नाही. शिवाय साधारण नऊशे किलोची हलकी गाडी रुंद टायरवर ठेवली की दर इंचावर वजन कमी पडतं. साचलेल्या पाण्यावर असा टायर लवकर तरंगतो. अरुंद टायर पाणी कापत जातो. कोकणातल्या जुलैत हा फरक स्टिअरिंगवरच्या हाताला कळतो.

थोडक्यात, एकाला टायर म्हणजे संग्रहालयातली वस्तू वाटते, दुसऱ्याला बूट. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये चार तळहातांएवढं रबर असतं, बाकी काही नसतं, याचा दोघांनाही विसर पडलेला.

मी काय केलं ते सांगतो, पण रेसिपी म्हणून घेऊ नका, आपल्या रिमची रुंदी मोजा आणि त्यावर तो टायर चालतो का ते तपासा. मी घेतला १६५/८० आर १४. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलना हाच येतो, म्हणून कुठल्याही दुकानात ताजा मिळतो. व्यास बासष्टच्या जवळ, म्हणजे मुळापेक्षा जेमतेम सेंटिमीटर जास्त. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी एकसष्टला असते. त्यावर ८५ टी लिहिलेलं असतं: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. माझी गाडी नव्वदला थरथरते, त्यामुळे दुसऱ्या अक्षराची मला काळजी नाही. दुकानदाराला एकच अट घातली, शिक्का तीन महिन्यांच्या आतला हवा. त्याने डोळे फिरवले आणि मागून दुसरे आणले.

ट्यूब ठेवली. यावर मित्रांनी खूप चिडवलं, ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब म्हणजे हेल्मेटवर टोपी. पण जुन्या रिमच्या आतल्या काठाला तो उंचवटा नसतो, जो हवा कमी झाल्यावरही टायरची कड जागेवर धरून ठेवतो. कड आत घसरली की वळणावर सगळी हवा एका क्षणात जाते. म्हणून ट्यूब, आणि तीही रेडियलची. हवेचा जुना आकडाही डोळे झाकून घेतला नाही, पुस्तकातला आकडा नायलॉनचा आहे.

आणि पाचही बदलले. “पुढचे दोन बदला, मागचे चालतील” हा सल्ला मला तीन जणांनी दिला, त्यांतले दोघे स्वतःला जाणकार म्हणवतात. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन म्हणजे तोंड धरलंय आणि शेपूट मोकळं. ती शेपूट मी एकदा पाहिली आहे. स्टेपनीही विसरू नका, तीच सगळ्यांत म्हातारी असते.

राहता राहिला वारशाचा मुद्दा. परीक्षक मला म्हणाले होते, “तुमच्या वडिलांना काय वाटलं असतं?” माझ्याकडे नानांची गाडीची वही आहे. पेट्रोल, ऑइल, प्लग, सगळं तारखेसकट. त्यांनी टायर सात वेळा बदलले. कधी नवे, पैसे नव्हते तेव्हा एकदा रिमोल्ड, आणि त्यापुढे कंसात ‘घाट नको’. शेवटचा बदल रेडियलचा. त्यापुढे लिहिलंय, ‘महाग. पण पावसात बरं.’ मी गाडी ‘जशी होती तशी’ करायला घेतली तेव्हा पहिलं काम काय केलं असेल? नानांनी घातलेले रेडियल काढून टाकले.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. त्या गाड्यांवर लोकांचा जीव होता तो त्या चालत होत्या म्हणून. पावसात, रात्री दीडला, स्टेशनबाहेर.

आई मागच्या श्रावणात पुन्हा पुढच्या सीटवर बसली. बसण्याआधी टायरजवळ वाकली, चष्मा वर केला आणि शिक्का वाचला. हल्ली ती रिक्षाचाही वाचते.

यंदाच्या प्रदर्शनाचा अर्ज परवा आला. त्यात एक रकाना आहे: ‘टायर: मूळ / बदललेले’. मी दोन्ही खोडून चार आकडे लिहिले आणि पाठवून दिला.