निम्म्या किमतीत, पण कशाच्या निम्म्या?

‘हॉलिडे क्लबची मेंबरशिप विकणे आहे. पंधरा वर्षं शिल्लक. घेतली तेव्हा चार लाख, आता फक्त दोन लाखांत.’ सोसायटीच्या, कॉलेजच्या जुन्या बॅचच्या, नाहीतर नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज अधूनमधून येतो. खाली लगेच कुणीतरी लिहितं, ‘निम्म्यात मिळतंय, सोडू नका.’ दुसरा लिहितो, ‘हे सगळं बोगस असतं.’ पहिला भाबडा आणि दुसरा आळशी. दोघांपैकी एकानंही हिशोब केलेला नसतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे ‘तुला आकड्यातलं कळतं, जरा बघ की’ असं म्हणून ही कागदपत्रं माझ्याकडे येतात. दरवेळी एकच गोष्ट दिसते. विकणारा मूळ किमतीवरून बोलतो, घेणारा मूळ किमतीवरून घासाघीस करतो आणि मधला दलालही मूळ किमतीचाच आकडा ठळक अक्षरांत छापतो. माझं म्हणणं असं की जुन्या टाईमशेअरचा भाव ठरवताना हा एकच आकडा पूर्ण निरुपयोगी आहे. सगळा व्यवहार मात्र त्याच्याभोवतीच फिरतो.

आधी वस्तू काय आहे ते बघू. टाईमशेअर म्हणजे खोलीची मालकी नव्हे. ठरावीक वर्षं, दरवर्षी ठरावीक रात्री, ठरावीक आकाराची खोली आणि ठरावीक हंगाम वापरण्याचा हक्क, एवढंच. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये सुरू झाली, महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. क्लब महिंद्राची ओळखीची मेंबरशिप २५ वर्षांची, वर्षाला ७ दिवसांची. हंगामांना तिथं रंग आहेत: जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा म्हणजे ऐन गर्दीचे दिवस, निळा म्हणजे ज्या दिवसांत फारसं कुणी फिरकत नाही ते. या हक्कासोबत एक जबाबदारीही येते. दरवर्षी देखभालीची फी भरायची, वर त्यावर जीएसटी. तुम्ही त्या वर्षी गेलात किंवा न गेलात, फी चुकत नाही. ती वाढतही जाते.

म्हणजे जुना करार विकत घेताना तुम्ही दोन गोष्टी घेता: काही सुट्ट्या आणि एक बिल. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये बिलाचा उल्लेख सहसा नसतो.

आता ‘निम्म्या’चा समाचार घेऊ. चार लाख ही किंमत कशाची होती? त्यात सुट्ट्या होत्याच, पण मॉलमधल्या स्टॉलचा खर्च होता, ‘लकी ड्रॉ’च्या कुपनाचा होता, कुटुंबाला बोलावून दोन तास प्रेझेंटेशन देणाऱ्या पोराच्या कमिशनचा होता. तो खर्च पहिल्या मालकानं सोसला. दुसऱ्या मालकाच्या हातात त्यातलं काहीच येत नाही. गुजरीत दागिना मोडायला नेला तर सराफ घडणावळ धरत नाही, सोनं तेवढं तोलतो, हे आपल्याकडं प्रत्येक घराला माहीत आहे. मग इथंच घडणावळीचे पैसे का मागायचे, आणि का द्यायचे?

थोडे शिकलेले विक्रेते जरा वेगळा हिशोब मांडतात. २५ वर्षांपैकी १५ उरली, म्हणून चार लाखांचे पंधरा-पंचविसांश, म्हणजे २ लाख ४० हजार. त्यात मी दोनच मागतोय. हे ऐकायला रास्त वाटतं, कारण हिशोबतपासनीस असंच करतात. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या लेखा मानकानंतर महिंद्रा हॉलिडेजलाही मेंबरशिपचे पैसे एकदम उत्पन्न म्हणून न दाखवता मेंबरशिपच्या वर्षांवर पसरून दाखवावे लागतात. पण ही ताळेबंदाची सोय आहे. आजपासून पुढच्या पंधरा वर्षांत माझ्या हाती काय पडणार, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर काढायला मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तशाच खोलीचा, तशाच दिवसांतला हॉटेलचा दर रात्रीला ५,५०० रुपये आहे. सात रात्रींचे ३८,५०० झाले. वार्षिक फी करासकट २०,००० आहे. म्हणजे सगळ्या रात्री वापरल्या तर वर्षाला १८,५०० वाचतात. हॉटेलांची दरवाढ, फीची वाढ आणि बँकेतलं व्याज साधारण एकाच चालीनं जातात असं धरू, म्हणजे सरळ गुणाकार करता येईल. पंधरा वर्षांचे २,७७,५०० होतात. दोन लाखांत करार मिळतोय म्हणजे सौदा चांगला वाटतो.

आता खरं बोलू. दरवर्षी सातच्या सात रात्री कोण वापरतं? कोल्हापूरच्या माणसाची सहल म्हणजे शनिवार-रविवार. गोव्याला दोन रात्री, गणपतीपुळ्याला एक, फारच झालं तर महाबळेश्वरला तीन. मुलं दहावी-बारावीला गेली की दोन वर्षं बंद. शेती असेल तर उसाच्या तोडीच्या दिवसांत घर सोडता येत नाही, आणि मे महिन्यात, दिवाळीत मोकळे झालो तर तेव्हा आख्खा महाराष्ट्र मोकळा असतो. स्वस्तात मिळालेला पांढरा-निळा हंगाम त्या दिवसांत उपयोगी पडत नाही.

म्हणून धरू की सरासरी दोन तृतीयांश रात्री वापरल्या. वर्षाचा फायदा साधारण २५,७०० रुपयांचा, त्यातून फीचे २०,००० गेले. उरले ५,७००. पंधरा वर्षांचे साधारण ८५ हजार. दोन लाखांचा करार ८५ हजारांवर आला. निम्म्याच रात्री वापरल्या तर फायदा १९,२५० आणि फी २०,०००. दरवर्षी ७५० रुपये खिशातून. असा करार कुणी फुकट दिला तरी तो महागच.

आणखी एक खिळा मारू. फी हॉटेलच्या दरांपेक्षा दरवर्षी ३ टक्के जास्त वेगानं वाढली तर? आजच्या पैशात पंधरा वर्षांची फी तीन लाखांऐवजी ३ लाख ७२ हजार होते. दोन तृतीयांश वापरणाऱ्याचे ८५ हजार घसरून १३ हजारांवर येतात. सगळ्या रात्री वापरणाऱ्याचेही २ लाख ५ हजारच उरतात, म्हणजे मागितलेल्या किमतीच्या जेमतेम वर. ‘आजच्या दरात पुढच्या सगळ्या सुट्ट्या गोठवा’ हे वाक्य कानावर आलं की एवढंच विचारायचं: फी गोठवलीय का? फीवर कमाल मर्यादा करारात लिहिली आहे का? नसेल तर गोठले ते तुम्ही भरलेले पैसे.

म्हणून रास्त भावाची माझी व्याख्या: तुम्ही खरंच वापराल त्या रात्रींचा हॉटेलदर, उणे वार्षिक फी, गुणिले उरलेली वर्षं, उणे नाव बदलण्याचं शुल्क. हॉटेलचा दर भिंतीवर टांगलेला नको, बुकिंगच्या ॲपवर दिसणारा हवा. बऱ्याच रिसॉर्टच्या खोल्या तिथं बिगरसभासदांनाही मिळतात, म्हणजे तुलना करायला फार लांब जावं लागत नाही. या गणितातून जो आकडा येईल तो कमाल भाव. तेवढे दिले तर फायदा शून्य आणि जोखीम सगळी तुमची. म्हणून मी त्याच्या निम्म्यावर थांबा म्हणतो. ‘निम्म्या’ शब्दाची खरी जागा ही आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला लागतो. विकणारा बऱ्याचदा निवृत्त माणूस असतो. ग्रॅच्युइटीच्या पैशातून, नातवंडांसोबत फिरू या आशेनं त्यानं हे घेतलेलं असतं. आता गुडघे चालत नाहीत, नातवंडं पुण्या-बंगळुरात. त्याला चार लाखांचे चाळीस हजार देणं म्हणजे अडलेल्याला नाडणं नाही का? त्यात तो आपलाच मामा किंवा काका असला की ‘घरातलंच आहे, कशाला घासाघीस’ हेही येतं.

नाही. त्याचे चार लाख ज्या दिवशी गेले त्या दिवशीच गेले. ते तुम्ही घेतलेले नाहीत. तुम्ही करार घेता तेव्हा त्याच्या मानेवरची दरवर्षीची वीस हजारांची फीही उचलता. न वापरता तो आणखी तीन वर्षं फी भरत बसला तर साठ हजार जातील. चाळीस हजार घेऊन सुटला तर त्याच्या बाजूनं फरक लाखाचा पडतो. अमेरिकेत ईबेवर एका डॉलरला टाईमशेअर विकायला काढलेले दिसतात, ते याच कारणानं. मामाला हे गणित कागदावर मांडून दाखवा. त्याला मदतच करायची असेल तर वेगळे पैसे द्या, मदत म्हणून द्या. चुकीच्या भावात मदत लपवली की पुढच्या पंधरा वर्षांत प्रत्येक फीच्या बिलाबरोबर नात्यात कटुता येते.

‘घ्या, नंतर विकता येईल’ असं सांगणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातलं एक उदाहरण पुरे. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी हॉटेलातल्या रात्री विकायची, आणि रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळेल असं दाखवायची. म्हणजे पुढच्या भावाचा आकडा आजच कागदावर. सेबीनं ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि २०१६ मध्ये सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांचे ७,०३५ कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. किती घरांचे पैसे त्यात अडकले ते महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एजंटांना विचारा. पुण्यात बाणेरला पॅनकार्ड क्लब रोड अजून आहे. साध्या टाईमशेअर कंपन्या या प्रकारात मोडत नाहीत, त्या सुट्ट्या विकतात आणि देतात. पण धडा लागू आहे: सुट्टीच्या हक्काला पुढं अमुक भाव येईल असं जो छातीठोक सांगतो, त्याच्या हातात तो भाव नसतो.

व्यवहार करायचाच तर चार गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या: थकबाकी किती, शिल्लक रात्री किती, नाव बदलायचं शुल्क किती आणि नाव बदलल्यावर कोणत्या सवलती गळतात. आरसीआयसारख्या अदलाबदलीच्या सोयी नव्या मालकाला आपोआप मिळतात असं गृहीत धरू नका. पूर्ण पैसे नाव बदलल्याचं पत्र आल्यावरच. आणि ‘गिऱ्हाईक तयार आहे, आधी रजिस्ट्रेशनचे एवढे भरा’ म्हणणारा दलाल भेटला तर फोन ठेवा. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात टाईमशेअर घेणाऱ्याला माघार घ्यायला १४ दिवस दिले आहेत, आणि फेरविक्री लावून देणाऱ्यानं विक्री होण्याआधी पैसे घ्यायला बंदी आहे. आपल्याकडं टाईमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. जपायचं आपलं आपणच.

पण सगळा भार गिऱ्हाइकावर टाकून मी थांबणार नाही. या बाजारात भाव का कळत नाही? कारण तो कुठं लिहिलाच जात नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. जुन्या मेंबरशिपचा बाजार अजून त्या रुमालाखाली आहे. उलट शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा चारचौघांत बोली लागते, आणि बाजार समिती रोज तीन आकडे जाहीर करते: किमान, कमाल, सर्वसाधारण. चौथी शिकलेला शेतकरीही त्या तीन आकड्यांवर आपला रवा चढ्या दरानं गेला की पडेल दरानं, ते ओळखतो.

प्रत्येक फेरविक्रीची नोंद कंपनीकडे होतेच, नाव तिथंच बदलतं. नाव बदलण्याच्या अर्जात विक्रीची किंमत लिहिण्याचा एक रकाना वाढवायचा आणि दर तिमाहीला कुणाचंही नाव न सांगता खोलीचा आकार, हंगाम, उरलेली वर्षं यांनुसार किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन आकडे वेबसाईटवर टाकायचे. प्रोग्रामर म्हणून सांगतो, हे फार तर आठवड्याचं काम आहे. अडचण कोडची नाही. जुन्याचा खरा भाव दिसला तर नव्याचे चार लाख कोण देणार, ही आहे. म्हणून नवी मेंबरशिप विकायला कुणी समोर बसलं की पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या वर्षी तुमच्या जुन्या मेंबरशिपा केवढ्याला गेल्या? आकडा मिळेपर्यंत सही करू नका.