पाण्याखालची पांद

मागच्या शनिवारी सकाळी बामणोलीच्या काठावरून लाँचमध्ये बसलो. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं की शिवसागर दिसतो, म्हणजेच कोयना धरणाचा जलाशय. वासोट्याला जाणारे बहुतेक इथूनच निघतात. तासाभराची वाट पाण्यातून. दोन्ही काठांना गच्च रान, आणि मधेच वर राहिलेले डोंगरमाथे. त्यांना आता आपण बेटं म्हणतो.

लाँच चालवणारे मामा साठीचे असतील. आमचं फोटो काढणं चाललं होतं, तेवढ्यात मोकळ्या पाण्याकडे हात करून ते म्हणाले, "हितं आमच्या आज्याचं भाताचं खाचर हुतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ही पांद. हितनं बैलं जायची." मामांचा जन्म पाणी भरल्यानंतरचा. हे सारं त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं, तरी त्यांचा हात कुठे अडखळत नव्हता. आम्ही मोबाइल खिशात ठेवले आणि ऐकत राहिलो.

मेट इंदवलीला उतरलो. वासोट्याच्या पायथ्याचं हे गाव आता ओस आहे. झाडांच्या मुळांनी कवळलेली जोती तेवढी उरली आहेत. एका जोत्यावर चढताना पाय आपोआप थबकला. इथे कुणाचा तरी उंबरा असणार.

कोयना खोऱ्यातली माणसं दोनदा उठली. आधी धरणासाठी, पुढे १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि पाण्याच्या वर उरलेल्या काही वाड्याही हलल्या. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्यांनी कोरड्या माळावर नव्याने शेती कशी मांडली असेल? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. कोयनेची गावं त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेली होती. म्हणूनच जमिनीसाठी तिसरी पिढी अजून ठिय्या आंदोलनाला बसते.

याच पाण्यावर १९६० मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा आहे. आपले कारखाने त्यावर चालले, आपल्या घरांत दिवे लागले, त्या उजेडात आपली पोरं शिकली. धरण हवंच होतं, असं मी आजही म्हणेन. पण ज्यांनी घर दिलं, त्यांचा हिशेब साठ वर्षं उघडा ठेवणं हा अन्याय आहे. उरलेल्या खातेदारांना जमीन मिळायला हवी, आणि तीही या पिढीच्या डोळ्यांदेखत.

शिवसागर सुंदर आहे, जरूर जा. लाँचमध्ये बसलात की चालवणाऱ्याला एवढं विचारा, "मामा, तुमचं मूळ गाव कुठलं?" आणि ते हात करतील त्या पाण्याकडे नीट पाहा.