विश्लेषण : जपानची बेवारस विक्रीयंत्रे का भुरळ घालतात? आणि आपला फलाटावरचा वजनकाटा कुठे गेला?

गंजलेला पत्रा, फुटलेली काच, आत जुन्या किमतीच्या पाट्या. जपानमधील रस्त्याकडेच्या बंद विक्रीयंत्रांची छायाचित्रे जगभर आवडीने पाहिली जातात. आपल्याकडे याच जातकुळीचे यंत्र म्हणजे रेल्वे फलाटावरचा, नाणे टाकून चालणारा वजनकाटा. अमृत भारत योजनेत सातारा, कराड, सांगली या स्थानकांचे रूप पालटत असताना जुन्या वस्तूंचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

जपानमध्ये इतकी यंत्रे कशी आली?

१९६७ मध्ये तेथे १०० येनचे नवे नाणे आले आणि यंत्रांना सोयीचे चलन मिळाले. १९७० च्या दशकात एकाच यंत्रातून गरम आणि थंड पेये मिळू लागली. महामार्गांलगत रात्री गरम नूडल्स, बर्गर, भाजलेले सँडविच देणारी यंत्रे उभी राहिली. ट्रकचालकांची ती हक्काची खाणावळच होती. २००० च्या सुमारास देशातील विक्रीयंत्रांची संख्या ५६ लाखांच्या घरात होती. आता ती ४० लाखांच्या आसपास आहे.

मग ती बेवारस का झाली?

पहिले कारण स्पर्धा. १९७४ मध्ये टोकियोत सेव्हन-इलेव्हनचे पहिले दुकान उघडले आणि पुढे अशी दुकाने चौकाचौकांत आली. दुसरे कारण ओस पडणारी खेडी. तिसरे कारण चलन. २०२१ मध्ये ५०० येनचे नवे नाणे आणि जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. त्या ओळखण्यासाठी यंत्रात बदल करणे लहान मालकाला परवडत नाही. शिवाय तेथे मोठे यंत्र टाकून द्यायचे, तर मालकालाच पैसे मोजावे लागतात. त्यामुळे बंद पडलेले यंत्र अनेकदा जागच्या जागी उभे राहते.

आकर्षण नेमके कशाचे?

या यंत्रांवर त्यांचा काळ थांबलेला दिसतो. किंमत, जाहिरात, अक्षरांची वळणे सारे तसेच राहते. छायाचित्रकार एजी ओहाशी यांनी बर्फात एकट्याच उजळलेल्या यंत्रांची छायाचित्रे टिपली. ती यंत्रे चालू असूनही माणसाच्या एकटेपणाची वाटतात. मात्र सर्वाधिक गर्दी होते ती दुरुस्त केलेल्या यंत्रांपाशी. टोकियोजवळच्या सागामिहारा येथे एका जुन्या टायरच्या दुकानाने अशी यंत्रे गोळा करून पुन्हा सुरू केली आहेत. लोक लांबून येऊन, नाणे टाकून तेथे नूडल्स खातात.

आपल्याकडे असे यंत्र कोणते?

फलाटावरचा वजनकाटा. त्यावर उभे राहायचे, रंगीत चकती फिरायची, दिवे लुकलुकायचे. चकती थांबली की नाणे टाकायचे. आतील तरफांनी तोललेले वजन छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट खटकन बाहेर यायचे. मागे भविष्य, कधी नटनटीचे चित्र. मिरजेसारख्या जंक्शनवर गाडी बदलताना तासन् तास थांबणाऱ्या कुटुंबांसाठी ती स्वस्त करमणूक होती. वजनापेक्षा भविष्य वाचण्याचीच मुलांना घाई असे.

तो मागे का पडला?

घरोघरी काटे आले, दवाखान्यांतही ते असतातच. त्यात नाणी बदलली. १९९२ पासून चालणारे स्टीलचे एक रुपयाचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे होते. २०११ च्या मालिकेत ते सुमारे २२ मिलिमीटरचे झाले, वजनही घटले. आकार आणि वजनावरून नाणे ओळखणाऱ्या यंत्राला हा बदल जड जातो. पुढे यूपीआयमुळे खिशातली चिल्लरच कमी झाली. रुपयाच्या नाण्यावर चालणारे टेलिफोनचे डबे मोबाइलने त्याआधीच संपवले होते.

मग तो बेवारस उभा का दिसत नाही?

कारण आपल्याकडे भंगार विकत घेतले जाते. लोखंडाला किलोवर भाव असतो. सरकारी वस्तू असेल तर निर्लेखन आणि लिलाव. त्यामुळे आपल्या जुन्या यंत्रांना गंजायलाही सवड मिळत नाही. कराड स्थानकालगतच्या ओगलेवाडीचे उदाहरण बोलके आहे. १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचला. कारखाना बंद पडला. कंदील माळ्यावर मावत असल्याने काही घरांत उरला, आज शोभेसाठी शोधलाही जातो. घरात न मावणाऱ्या यंत्रांच्या नशिबी असे माळे नसतात.

प्रत्येक बंद यंत्र मोहक असते का?

नाही. रेल्वेने अलीकडच्या काळात स्थानकांवर पाण्याची यंत्रे बसवली. सुरुवातीला एक रुपयात ३०० मिलिलिटर पाणी मिळे. कोविडनंतर त्यातील अनेक बंद पडली. त्यांचे छायाचित्र कोणी हौसेने काढत नाही, कारण प्रवाशाची तहान संपलेली नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत पाण्याचे ‘एटीएम’ बंद पडले, तर ती गैरसोयच असते. गरज संपल्यावर थांबलेले यंत्र आठवण होते. गरज असताना थांबलेले यंत्र तक्रार होते. जपानी छायाचित्रांच्या मोहात हा फरक विसरता कामा नये.

आता काय करता येईल?

दोन्हींना लागते ती देखभाल. पाण्याच्या यंत्राला ती कंत्राटात, ठरलेल्या मुदतीत आणि जबाबदार व्यक्तीच्या नावासह हवी. जुन्या काट्याला ती हौसेने मिळू शकते. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी एखादा काटा, एखादी तिकीट छापण्याची पेटी नव्या स्थानकाच्या प्रतीक्षालयात ठेवणे खर्चिक नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिल्यापासून या मुलुखाला यंत्रांची सवय आहे; दुरुस्ती करू शकणारे हातही येथेच सापडतील. काटा काचेत बंद करण्यापेक्षा चालू ठेवावा. मुलाने नाणे टाकावे, तिकीट बाहेर यावे आणि मागचे भविष्य त्याने मोठ्याने वाचावे, यासाठीच तो घडवला होता.