‘९ दाबा’ सांगणारा आवाज खरा की खोटा? ऑफिसच्या रेकॉर्डेड फोनमागचं गणित समजून घ्या

दुपारची वेळ. बोरिवली किंवा मुलुंडमधल्या एखाद्या घरात फोन वाजतो. पलीकडून शांत, स्वच्छ आवाजात रेकॉर्डिंग सुरू होतं, ‘तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद करण्यात येणार आहे. अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ नाव सांगितलं जातं ते ट्राय, कुरिअर कंपनी किंवा बँकेचं.

असे फोन तुम्हालाही आले असतील. अनेकजण ते लगेच कट करतात. पण काहीजण ९ दाबतात. का? कारण तो आवाज अगदी ऑफिससारखा वाटतो.

हा आवाज कुठून आला?

अंधेरीतल्या कोणत्याही मोठ्या ऑफिसला फोन लावा. आधी स्वागताचा संदेश, मग भाषेची निवड, मग ‘बिलासाठी १, तक्रारीसाठी २’. या यंत्रणेला आयव्हीआर म्हणतात. प्रत्येक फोन माणसाने उचलायची गरज पडू नये आणि कॉल योग्य विभागाकडे जावा, हा तिचा उद्देश.

यामागचं तंत्र जुनं आहे. तुम्ही फोनवर बटण दाबता तेव्हा दोन वेगवेगळे सूर एकाच वेळी वाजतात. ९ दाबलं तर ८५२ आणि १४७७ हर्ट्झ. पलीकडचं मशीन हे दोन सूर ओळखतं आणि ठरवतं की तुम्ही ९ दाबलंय. अमेरिकेत १९६३ मध्ये बटणांचे असे फोन बाजारात आले. आपल्याकडच्या जुन्या तबकडीच्या फोनमधून सूर जात नसत.

आज ही यंत्रणा उभी करायला मोठं ऑफिस लागत नाही. एक कॉम्प्युटर, इंटरनेट आणि रेकॉर्ड केलेला आवाज एवढं पुरतं. जी सोय कंपन्यांना मिळाली, तीच भामट्यांनाही मिळाली.

बटण दाबल्यावर पैसे जातात का?

नाही. ९ दाबलं म्हणून खातं रिकामं होत नाही. पलीकडे फक्त एवढंच कळतं, की या नंबरवर ऐकून घेणारं कुणीतरी आहे. मग कॉल माणसाकडे जातो आणि खरी फसवणूक तिथे सुरू होते. ‘तुमच्या आधारवर दुसरं सिम घेतलंय’, ‘पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले’, असं सांगून कॉल कथित पोलिसाकडे जोडला जातो. पुढे व्हिडीओ कॉल आणि ‘डिजिटल अरेस्ट’.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. तरीही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत लोकांनी या प्रकारात १२० कोटींहून अधिक रुपये गमावले. २०२४ या पूर्ण वर्षात सगळ्या प्रकारच्या सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २२,८४५ कोटींच्या घरात आहे.

सरकारने काय केलं?

परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबरचा दिसावा, अशी चलाखी केली जात होती. ते रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २४ तासांतच असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं.

त्यानंतर आली ती कॉलआधी वाजणारी सायबर सावधगिरीची कॉलर ट्यून. इशारा योग्य होता, पण घाईत फोन लावणारे लोक वैतागले. जून २०२५ मध्ये ती थांबली. रेकॉर्डेड आवाजापासून सावध करायला वापरला गेला तोही रेकॉर्डेड आवाजच!

मग खरा कॉल ओळखायचा कसा?

सुरुवातीचे आकडे बघा. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० आणि बँकांसारख्या संस्थांच्या व्यवहार-सेवेच्या कॉलसाठी १६०० अशी मालिका ठरवलेली आहे. बँकांनी हेच क्रमांक वापरावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

पण एक लक्षात ठेवा. १६०० दिसलं तरी ओटीपी सांगायचा नाहीच. आणि ०२२ ने सुरू होणारा प्रत्येक कॉल खोटा नसतो, मुंबईतली असंख्य ऑफिसं त्याच क्रमांकावरून बोलतात. म्हणून नंबरपेक्षा मागणी काय आहे, ते बघा.

- ट्राय कुणाचाही नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही.
- *४०१# डायल करून पुढे एखादा नंबर टाकायला सांगितलं तर थांबा. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळवले जाऊ शकतात.
- शंका आली तर फोन ठेवा आणि कार्डवर किंवा बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा.
- संशयित कॉलची माहिती ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत देता येते.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाते आणि ती गोठवणं अवघड होतं.

भाषेचा मुद्दा का महत्त्वाचा?

अनेक खासगी कंपन्यांच्या फोनवर आजही इंग्रजी-हिंदीच आधी ऐकू येतं. घाटकोपरमधल्या मराठी आजी-आजोबांना ‘अधिकृत’ आवाज परक्या भाषेतच ऐकायची सवय झालेली असते. त्यामुळे शब्द नीट कळले नाहीत तरी त्यांना संशय येत नाही, उलट दडपण येतं. ऑफिसचा खरा संदेश आपल्या भाषेत, सोप्या शब्दांत असेल तर ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायचं बळ मिळतं.

तोवर घरातल्या ज्येष्ठांना एकच गोष्ट सांगून ठेवा. फोनवरचा आवाज घाई करायला लावत असेल, तर बटण दाबायचं नाही. फोन ठेवायचा आणि आधी घरच्यांशी बोलायचं.