टाकीत माणूस का उतरावा?

आपल्यापैकी कित्येकांनी स्वतःची पक्की घरे बांधली आणि घरामागे सेप्टिक टँकही बांधला. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु भिंतींच्या रंगाची जितकी काळजी आपण वाहतो, तितकी या टाकीची वाहतो काय? बहुतेक घरांत तिची आठवण ऐन आषाढात होते. जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि संडास तुंबतो. मग थोडक्या पैशांत टाकीत उतरणारा कोणी मिळेल काय, याचा शोध सुरू होतो. तो कोणत्या जातीचा असतो, हे आपणांस सांगावयास नको. मेलेली ढोरे ओढण्याचे ज्यांनी नाकारले, त्यांनीच आपल्या मैल्यात दुसऱ्याला उतरवावे, याहून मोठी विसंगती कोणती?

टाकीतील वायू कुजक्या अंड्यासारखा दर्पतो. पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाकच बधिर होते आणि धोक्याची सूचना मिळत नाही. एक कोसळला म्हणून दुसरा वाचवावयास उतरतो, आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेण्यास मनाई केली आहे. पहिल्याच अपराधास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. आणि हा कायदा घरमालकासही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी मृताच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. भरपाई वाढली, हे योग्यच झाले. पण ती मेल्यानंतरची गोष्ट आहे.

टाकी वेळेवर उपसली तर माणूस उतरविण्याचा प्रसंगच येत नाही. गाळ तिसऱ्या हिश्शापर्यंत चढला, की मैला उपसणारी गाडी बोलवावी; साधारणतः दर तीन वर्षांनी ही वेळ येते. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ साली आळीपाळीने घरोघर अशी गाडी पाठविण्याची पद्धत सुरू केली. आपल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे आपण तशी मागणी का करू नये?

उपसण्याचे काम हिवाळा सरल्यावर, पावसापूर्वी उरकावे. भर पावसाळ्यात टाकी पुरती रिकामी केली, तर जमिनीतील पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाऊन तडकू शकते. छपराचे व अंगणाचे पाणी टाकीत कदापि सोडू नये. शोषखड्ड्यावर ते साचूही देऊ नये. थंडीत जंतूंचे काम मंदावते, उन्हाळ्यात ते जोर धरते व वायूही अधिक सुटतो. म्हणून वायूच्या नळीचे तोंड मोकळे ठेवावे आणि डासांसाठी त्यावर जाळी बांधावी. हे जंतूच मैला पचवितात. संडास पांढराशुभ्र दिसावा म्हणून आपण ॲसिडच्या बाटल्या ओततो आणि त्यांनाच मारतो. चिंध्या, प्लॅस्टिक व खरकटे तेलही आत जाऊ देऊ नये.

झाकण उघडल्यावर त्यावर वाकून पाहू नये. काडी किंवा विडी पेटविणे तर दूरच. मुलांना जवळ येऊ देऊ नये. पुष्कळ घरांत झाकणावरच फरशी बसविलेली असते. ती यंदा फाल्गुनातच काढून घ्यावी आणि गाडीची नळी तेथवर पोहोचते की नाही, हे मोजून पाहावे.