उगमावरच घाव नको

नदी गावाजवळ गढूळ झाली तर शुद्धीकरण केंद्र उभारता येते, धरण आटले तर दुसरे बांधता येते. पण जिथे नदी जन्म घेते ती जमीनच नासली, तर उपाय करायला जागा राहत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या माबोलाचा वाद या साध्या गोष्टीपाशी येऊन ठेपतो. म्पुमलांगा प्रांतात, वाकरस्ट्रूम गावाच्या परिसरातला हा डोंगराळ, पाणथळ गवताळ प्रदेश २०१४ मध्ये कायद्याने संरक्षित झाला. त्याच्या पोटातून कोळसा काढण्याचा प्रस्ताव भारतातल्या अथा समूहाच्या अथा-आफ्रिका व्हेंचर्स या कंपनीचा. भांडवल आपल्याकडचे असल्याने हा वाद आपणही परका मानू नये. माझे म्हणणे एवढेच, की उगमाची जमीन सौद्यात धरायचीच नसते, आणि ती एकदा राखीव केली की सोयीनुसार मोकळीही करायची नसते.

हे भावनेपोटी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेची जेमतेम दहावा हिस्सा जमीन देशातल्या नद्यांना जवळपास निम्मे पाणी देते. माबोला त्याच जमिनीत मोडते. व्हाल, थुकेला, फोंगोला आणि उसुथू या नद्यांचे उगमप्रवाह याच डोंगरपट्ट्यात आहेत, आणि जोहान्सबर्गची तहान व्हालच्या भरवशावर भागते. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. उन्हाळ्याचे पाणी धरून ठेवून कोरड्या महिन्यांत झिरप्यांतून थोडेथोडे सोडण्याचे काम ही कुरणे आणि दलदली करतात. डोक्यावर सोनेरी तुरा मिरवणारा करड्या रंगाचा क्रौंच इथल्या उथळ पाण्यात लव्हाळी तुडवून घरट्याचा ओटा रचतो. भोवतीचे पाणी हाच त्याचा खंदक, कारण पाण्यातून कोल्हा सहसा पुढे येत नाही. पाणी हातभर खाली गेले की घरटे उघडे पडते. पक्ष्याला जे आधी कळते, तेच काही वर्षांनी खालच्या शेतकऱ्याला कळते.

खाण भूमिगत आहे, वरचे गवत हलणारही नाही, असे समर्थक सांगतात. हा युक्तिवाद वरवर पटतो, पण पाणी तर जमिनीखालूनच वाहते. बोगदे कोरडे ठेवायचे तर अहोरात्र उपसा करावा लागतो, त्याने भूजल खाली जाते आणि वरचे झिरपे आटतात. खाण बंद झाली, पंप थांबले की पोकळीत पुन्हा पाणी भरते. कोळशाच्या थरांतले पायराइट हवा आणि पाणी लागताच आम्ल तयार करते, त्यात लोह आणि मँगेनीज विरघळते, आणि ते पाणी वाट मिळेल तिथून बाहेर येते. याच प्रांतातल्या कॅरोलिना गावाने ते भोगले आहे. २०१२ च्या आरंभी खाणींचे आम्लयुक्त पाणी तिथल्या धरणात शिरले आणि कित्येक महिने नळाचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. माणशी रोज किमान २५ लिटर पाणी ७२ तासांत पुरवा, असा आदेश जुलैमध्ये न्यायालयाला द्यावा लागला. माबोलाच्या खाणीचे आयुष्य साधारण १५ वर्षांचे सांगितले जात होते. आम्ल मात्र खाण बंद झाली म्हणून थांबत नाही.

रोजगाराचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या देशात बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर आहे, तिथे खाणीची मागणी करणाऱ्या गावकऱ्यांना कोणी दूर बसून नावे ठेवू नयेत. पण दक्षिण आफ्रिकेचा बहुतेक कोळसा म्पुमलांगातूनच निघतो आणि वीजही मुख्यतः कोळशावरच बनते. इतकी वर्षे एवढ्या खाणी चालूनही त्या प्रांताची बेकारी हटलेली नाही. शिवाय कोळसा दुसरीकडेही आहे, नद्यांना पाणी देणारी अशी जमीन मात्र दुसरीकडे तयार करता येत नाही. शेती, गुरे आणि पक्षी पाहायला येणारे पर्यटक यांवरची पोटे या पाण्यावरच चालतात. गावकऱ्यांच्या भाकरीची जबाबदारी सरकारची आहे, पण ती पार पाडताना उद्याचे पाणी गहाण टाकता येत नाही.

संरक्षण किती तकलादू असते हेही माबोलाने दाखवले. २०१६ मध्ये खनिज आणि पर्यावरण या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी लोकांना न विचारता खाणीला परवानगी दिली. आठ संघटना न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. २०१९ मध्ये घटनात्मक न्यायालयाच्या दारातही कंपनीचे अपील टिकले नाही. तरी जानेवारी २०२१ मध्ये प्रांताच्या मंत्र्यांनी खाणीसाठी हव्या असलेल्या जमिनीच संरक्षित क्षेत्रातून वगळल्या, आणि संघटनांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. कायदा मोडता येत नाही म्हणून सीमारेषा सरकवायची, हा मार्ग सगळ्याच सरकारांना सोयीचा वाटतो. आपल्याकडेही खाणमातीच्या ढिगाऱ्यांनी इरई नदीचे काय केले, हे चंद्रपूरकरांनी पाहिले आहे. म्हणून पाणथळ जागेची हद्द कमी करण्याची सूचना निघाली, की ती वाचणे, हरकत नोंदवणे आणि सुनावणीला हजर राहणे हे नागरिकांनी आपले काम मानले पाहिजे. तिथे ठाम नकार नोंदवला गेला, तरच उगम वाचतील.